खोपीखालचा खांब

८ नोव्हेंबर
आज दुपारी पोचलो. मंडणगडहून एसटीने आलो, तर गावचे सरपंच महेंद्र स्वतः मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे. माझी ट्रंकही त्यांनीच उचलली. एकाहत्तर वर्षांत माझी ट्रंक कोणी उचलली नव्हती. काम गायरानाच्या राखणीचं. वाडीपासून लांब, डोंगरावरच्या सपाट सड्यावर, जांभ्या चिऱ्यांची नवीकोरी खोपी बांधून ठेवली आहे. मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात चाळीस वर्षं लाद्या ओढल्या, अंगातली ओल कधी गेली नाही. इथे कोरडा वारा आणि गुडघ्याएवढं गवत. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. खालच्या वाडीतल्या शालनबाई तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी घेऊन आल्या. म्हणाल्या, बाबा, आता हे तुमचंच घर. मला रडूच आलं. मी सातवी नापास, पण रोज चार ओळी लिहितो. लिहिलं की छातीची धडधड जरा कमी होते.

१२ नोव्हेंबर
गुरं सकाळी वर येतात, उन्हं कलली की खाली जातात. राखण अशी काही करावी लागत नाही. महेंद्रांच्या सूचना मात्र बऱ्याच. दोन्ही वेळा चूल पेटलीच पाहिजे, धूर लांबून दिसला पाहिजे, कपडे बाहेर दोरीवर वाळत घालायचे, मुक्कामाला वाडीत यायचं नाही. गुरांच्या राखणीला धूर कशाला, असं विचारलं तर त्यांच्यासोबतचे चौघे गावकरी हसले. म्हणाले, बाबानु, तुमी निस्तं ऱ्हावा, ऱ्हाणं हेच काम हाय. खोपीचा काही कागद आहे का, हेही विचारलं. होईल म्हणाले. गायरान म्हणजे सरकारी जागा. मिरकरवाड्यातलं माझं झोपडं अतिक्रमण म्हणून पाडलं, तेव्हा बायको पावसात भांडी वेचत होती. त्याच तापात ती गेली. तेव्हापासून सरकारी गाडी दिसली की मी रस्ता सोडतो.

१९ नोव्हेंबर
डोंगराच्या पलीकडे खाणीचं तोंड आहे. बोगदे आत आत येत या सड्याखालपर्यंत आलेत म्हणे. दुपारी चटईवर पडलो की जमिनीतून घरघर येते. आज तर खालून कोणी हसल्यासारखं वाटलं. शालनबाई म्हणाल्या, खाली माणसंच हायत, भुतं नाय.

२६ नोव्हेंबर
खाणीवर देखरेख करणारे सरकारी साहेब जीप घेऊन आले. खोपी बघितली, दोरीवरचं माझं धोतर बघितलं आणि विचारलं, आजोबा, इथे राहता का? झोपडं पाडलं तेव्हाची नोटीस डोळ्यांसमोर आली. म्हटलं, नाही साहेब, दिवसा राखणीला येतो, घर खाली वाडीत. त्यांनी तसं लिहिलं, मी सही केली. राजाराम, नीट, पूर्ण. साहेब खूश होऊन गेले. वाचलो.

२७ नोव्हेंबर
वाचलो नाही. शालनबाईंना सांगितलं तर त्यांच्या हातातलं ताट खाली पडलं. मग त्यांनीच सांगितलं, खाणीत न खणलेले खांब राखून ठेवतात, त्यांच्यावर वरची जमीन उभी असते. शेवटी तेही काढून नेतात. नियम असा की वर नुसतं कुरण असलं तर जमीन खचली तरी चालते, पण वर माणूस राहत असेल तर त्याच्याखालच्या खांबांना हात लावायचा नाही. म्हणून ही खोपी. म्हणून मी. गावातला कोणी इथे झोपायला तयार नव्हता, म्हणून परगावचा, मागेपुढे कोणी नसलेला म्हातारा शोधला. आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. म्हणाल्या, सांगितलं असतं तर आला असता काय?

२ डिसेंबर
महेंद्र तालुक्याला जाऊन आले. तिथल्या साहेबांनी त्यांना माझी सही दाखवली. खांब काढायला सुरुवात झाली आहे. ते मला रागावले नाहीत. राग परवडला असता.

५ डिसेंबर
चिमा गायीचं वासरू भेगेत गेलं. कालपर्यंत तिथे भेग नव्हती. दिवसभर जमिनीखालून हंबरत होतं. चिमा वरची माती चाटत होती, जीभ सोलली तरी. दोर सोडा म्हणून मी ओरडलो. कोणी जवळ आलं नाही.

६ डिसेंबर
अजून हंबरतं आहे.

७ डिसेंबर
ट्रंक घेऊन फाट्यापर्यंत गेलो. गावातल्या तिघांनी गाठलं. हसत हसत ट्रंक उचलली आणि मला परत आणून सोडलं. माझा फोन चार्जिंगला म्हणून नेला. महेंद्र म्हणाले, आता कुठे जाता, तुमच्यावरच गायरान हाय. गुरं आता वर येत नाहीत. सगळी खाली बांधली आहेत.

९ डिसेंबर
भेग खोपीभोवती गोल फिरली आहे. दोन हात रुंद. तळ दिसत नाही. पलीकडे जायला शालनबाईंनी फळी टाकली. त्यांच्याकडूनच कळलं. गुरं मेली तर खाणवाले भरपाई देतात आणि पुढे खणतात. माणूस मेला तर खाण बंद होते.
हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

१० डिसेंबर
सकाळी फळी नव्हती.
गुडघे असे, उडी कुठली. हाका मारल्या. शालनबाईंनी लांब बांबूच्या टोकाला भाकरी बांधून पुढे केली. म्हणाल्या, जेवा बाबा, उपाशी नका ऱ्हावू. फळी मागितली. रडल्या. फळी नाही दिली.

११ डिसेंबर
भेग आता चार हात. वासराचा आवाज थांबला. जमीन गरम लागते. तसबीर भिंतीवर तिरकी — नाही, भिंतच —

१२ डिसेंबर
पलीकडे सगळी वाडी जमली आहे. बायका, म्हातारी माणसं, सतरंजी टाकून बसलीत. महेंद्र मोबाईल माझ्याकडे धरून उभे. जीप आली. तेच साहेब. मी दारात आलो, दोन्ही हात वर केले, ओरडलो की मी इथेच राहतो, खोटं बोललो होतो, माफ करा, काम थांबवा. साहेबांनी कागद काढला. त्यावर बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कागदावर. म्हणाले, इथे कोणी राहत नाही, अशी नोंद आहे. माणूस आधी बाहेर काढा, मग बोलू. महेंद्र म्हणाले, फळी आणायला माणूस गेलाय. कोणी गेलेलं नाही. सगळे बसलेत.
साहेब फोन लावतात. रेंज नाही म्हणतात.
मडकं आपोआप दाराकडे निघालं. खाली मोठ्याने काही तुटलं. बायका उठून उभ्या राहिल्या. शालनबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला आणि परत काढला. त्या बघतायत. सगळे बघतायत —
साहेब, लिहून घ्या, मी इथे राहतो. मी राजाराम, मी इथे रा