ताट काढलं नाही

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी देव्हारा पुसताना वाटतं, तुम्ही मागं उभ्या आहात. सून म्हणून या मुदखेडच्या घरात आले तेव्हा तुम्ही मला चूल दिलीत, देव्हारा मात्र शेवटपर्यंत स्वतःकडं ठेवलात. गल्लीत कुणी बायकोला मारलं, की दोघं तुमच्यापुढं येऊन बसायचे. खंडोबापुढचं पितळी ताट तुम्ही काढायच्या, नवरा त्यातला बेलभंडार उचलायचा, पुन्हा अंगाला हात लावणार न्हाई म्हणायचा, आणि बाई पदर सारखा करून त्याच्यामागं घरी निघायची. मी आत चहा गाळत ऐकायचे. एकदा विचारलं, "आणि शपथ मोडली तर?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "देव बघून घेईल. तू दूध बघ, उतू चाललंय."

मग ती भांडेवाल्याची सून. शपथ होऊन गेलेली, आणि ती परत दारात उभी आहे, हात कोपरापासून सोललेला. तुम्ही तिला देव्हाऱ्यापाशी बसवता, आणि त्याच ताटातली हळद तिच्या जखमेवर दाबता. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. उपास तर नव्हता. तेव्हा विचारायला पाहिजे होतं. आता घरभर फिरत तेच विचारून राहिलेय.

यंदा नांदेडच्या कोर्टात मी शिकायला जात होते. वकिलीचं नव्हे हो. अडलेल्या बाईला अर्ज लिहायला मदत करायची, फुकट वकील कुठं मिळतो ते सांगायचं, तिच्यासोबत जायचं, एवढंच हे काम. विधी स्वयंसेवक म्हणतात. मॅट्रिक झालेली, वर बचत गटाचा हिशेब ठेवते, म्हणून गटानं माझं नाव दिलं. भाकरी बांधून गाडीनं जायचे, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून घ्यायचे. एक दिवस वकीलबाईंनी नाटक करायला लावलं. एक नवरा झाली, एक बायको, मी स्वयंसेवक. नवरा म्हणाला, चूक झाली. मी पटकन म्हणाले, "मग उचल बेलभंडार." सगळा हॉल हसला. धर्माबादची एक मुसलमान बाई शेजारी बसायची, तिनं मला कोपरानं ढोसलं, "बहेनजी, देव गवाहीला आला तर त्याची तारीख कोण लावणार?" मलाही हसू आलं, पण कान तापले. वकीलबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, निकाल आपण द्यायचा नाही, देवालाही द्यायला लावायचा नाही. बाईला बाजूला घ्या. एकटीला विचारा, तुला काय पाहिजे."

मागच्या रविवारी पलीकडच्या गल्लीतली गवंड्याची बायको आली. ओठ सुजलेला. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, डब्यातली हळद लावली. तेवढ्यात तो आला, थोरल्या भावाला घेऊन. अंगणात पाय धुतले, हात जोडले. "काकू, ताट काढा. उचलतो."

भाऊ म्हणाला, "वार बी देवाचाच हाय. मिटवून टाका."

मी आत गेले, दार लोटलं, आणि तिला विचारलं. तिनं पुढ्यातली परात बाजूला सरकवली. मग म्हणाली, "मला झोपायचंय काकू. न भिता. मागल्या खेपेला बी त्यानं उचलला व्हता, त्याच्या आईपुढं."

बाहेर येऊन मी सांगितलं, ताट निघणार न्हाई. तो उठला. "मोठ्या आईनं या दारातून कुणाला तसं लावून दिलं न्हाई. तुमी देवाला न्हाई म्हणून राहिल्या." तुमचं नाव घेतलं त्यानं, आत्याबाई. त्याला बरोबर जागा सापडली.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत नांदेडला जाऊन अर्ज दिला, तिच्याच शब्दांत, झोपेचं सुद्धा लिहिलं. ती आता भोकरला बहिणीकडं आहे. उद्या तारीख. ती भोकरहून गाडीत बसेल, मी मुदखेडला चढेन. येईल ना? तिच्या बहिणीकडं त्या थोरल्या दिराचे रोज फोन आहेत. तिनं परत जायचं ठरवलं, तर मला मध्ये बोलता येणार नाही, तसंच शिकवलंय. सकाळपासून दोनदा तांदूळ निवडले, तेच तांदूळ. देवापुढं बसते आणि उठते. गल्लीत म्हणतात, या घराचा देव उठला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. कुणालाच सांगितलेलं नाही, वकीलबाईंनाही नाही. तो ताट काढा म्हणाला तेव्हा मी लगेच आत तिला विचारायला गेले नव्हते. आधी देव्हाऱ्याकडं वळले होते, ताटाला माझा हात लागला होता. मागं बघितलं, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि पदर सारखा करायला लागली होती.