कोल्ह्याचा वाटा

बाबा, माझ्या यकृतात पाण्याची पिशवी निघाली आहे. उजव्या बाजूला, बरगडीच्या आत, मोसंबीएवढी. दुखत काहीच नाही. भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी करायला गेले होते. तपासणारी मुलगी आपल्या लग्नाच्या शालूबद्दल बोलत होती आणि बोलता बोलता तिने हातातलं यंत्र एकाच जागी धरलं. पडद्यावर एक काळा गोल होता आणि त्याच्या आत आणखी लहान लहान गोल. तिच्या आधी मी ते ओळखलं. सर्जन म्हणाला, अशी पिशवी फार हळू वाढते, कधी कधी माणसाला अर्धं आयुष्य पत्ता लागत नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. तोवर जंतांच्या गोळ्या चालू आहेत, तुम्ही शेळ्यांना पाजायचात त्याच औषधाच्या. काढताना पिशवी फुटली तर आतलं पाणी पोटात पसरतं, जिवावर बेतू शकतं, आणि त्यातून नव्या पिशव्या धरतात. याची भीती वाटतेच. पण मी लिहायला बसले ते एका प्रश्नासाठी, ज्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे होतं. कोल्ह्याच्या त्या पिलाला जंतांचं औषध कधी दिलंत? माझ्या हातात देण्याआधी, की नंतर?

तो उन्हाळा तुम्हाला आठवत असणार. फुलसावंगीच्या पलीकडे एका गावात तुमचा जनावरांचा दवाखाना होता आणि मी पत्रिका छापून झाल्यावर मोडलेलं लग्न घेऊन घरी आले होते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की पोरीला ऊन लागलं. तुम्हाला समजूत घालता येत नव्हती. एका सकाळी तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "तांड्यावर लसी टोचायच्या आहेत, बर्फाचा डबा धरायला कोणी नाही. चल." मी गेले, कारण नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं.

तांड्यात त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचे बोकड कापले होते. मोहाच्या झाडाखाली काळजं, म्हणजे यकृतं, मांडलेली, आणि त्यातल्या दोनतिनांवर पांढुरक्या पिशव्या, फुगलेल्या, उन्हात चमकणाऱ्या. तुम्ही सुईने एकीतलं पाणी काढून बाटलीत घेतलंत आणि ती बाटली उजेडात धरलीत. इतकं स्वच्छ पाणी मी त्या गावात पाहिलं नव्हतं. आपल्या विहिरीचं पाणी गढूळ होतं, नळ तर नव्हताच. माझ्या मनात पहिला विचार आला तो तहानेचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या तांड्याची एक रीत होती. असल्या पिशव्यांचं काळीज ते खायचे नाहीत, पुरायचेही नाहीत. शिवेवरच्या एका सपाट दगडावर नेऊन ठेवायचे. तो कोल्ह्याचा वाटा. उरलंसुरलं तांड्याची कुत्री संपवायची. तुम्ही तांड्याच्या मुखियाला, नाईकांना, तिथेच समजवायला बसलात. या पिशवीत किड्याची पिल्लं आहेत. कोल्ह्याने, कुत्र्याने हे खाल्लं की त्याच्या आतड्यात किडे मोठे होतात. त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, गवतावर, पाण्यात, त्याच्या अंगावरच्या केसांत. ती शेळीच्या पोटात गेली की शेळीत पिशवी आणि लेकराच्या पोटात गेली की लेकरात पिशवी. म्हणून दगडावर ठेवू नका, खोल खड्डा करून जाळा.

नाईक हसले. "डाक्टरसाहेब, तुमचं खरं असंन. पण वाटा तं द्या लागते. नाई देला तं तो मागायले येते."

"येऊ द्या. माझ्याकडे पाठवा."

"तुमच्याकडं कायले येईन? तुमी तं डाळभातवाले."

सगळे हसले, तुम्हीही. पण कडेला बसलेली एक म्हातारी हसली नाही. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. ती हातावरच्या गोंदणावरून बोट फिरवत म्हणाली, "एक डाव माह्या सासऱ्यानं नोता देला. मंग तो तिसऱ्या पारी येऊन बसला. कोनाकडं पाह्ये नाई. निस्ता लेकरायकडं पाह्ये."

तरी त्यांनी तुमचं ऐकलं. तुमच्या शब्दाला मान होता, शिवाय गेल्या साली तांड्यातल्या एका सुनेच्या पोटातून यवतमाळला अशीच पिशवी काढली होती आणि तिचा चेहरा सगळ्यांसमोर होता. खड्डा झाला, काळजं जळाली. पुढचे बोकडही तसेच. आणि काही दिवसांनी कोल्हा आला.

मी त्याला पाहिलं आहे. तुमच्या मागे गाडीवर बसून पुन्हा गेले होते, स्वतःहून. भर दुपार, सावली पायाखाली आलेली, तांड्यात एक आवाज नाही. कुत्रीसुद्धा झोपड्यांच्या आत. दगडापाशी तो बसला होता. कोल्हा असा बसत नाही, उघड्यावर, माणसांसमोर. तोंड उघडं नव्हतं, धाप नव्हती, इतक्या उन्हात. तुम्ही खडा मारलात तर तो खडा पडला तिकडे त्याने पाहिलं आणि पुन्हा झोपड्यांकडे मान वळवली. तुम्ही म्हणालात, सवय लागली आहे, भूक आहे, दुसरं काही नाही. तुमचा आवाज मात्र हळू झाला होता. दोनतीन दुपारी तो तसाच येत राहिला. मग माणसांनी काठ्यांनी त्याला मारलं. ती मादी होती.

दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर तुम्ही तिला उघडलंत आणि मला हाक मारलीत. आतडं चिरून पाण्यात पसरलेलं. आतल्या अंगाला खसखस चिकटली आहे असं वाटलं. मग ती खसखस हलली. "हिला याचा काही त्रास नव्हता," तुम्ही म्हणालात. "अगदी ठणठणीत होती. किडा धन्याला मारत नाही, बेटा. त्याला राहायचं असतं." मग बाटलीतलं ते स्वच्छ पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलंत. तळाला बसलेली बारीक वाळू, आणि वाळूचा एकेक कण म्हणजे एक डोकं, आकड्यांचा गोल मुकुट घातलेलं. काही आत ओढलेली, काही बाहेर येत असलेली. मी विचारलं, ही शेळीच्या पोटात काय करतात? तुम्ही हात धूत होतात. पाठमोरे म्हणालात, "काही नाही. वाट बघतात. शेळी मरण्याची, आणि तिला कोल्ह्याने खाण्याची."

त्यानंतर तुम्ही पिलू आणलंत. तांड्यातल्या पोरांना बिळात सापडलेलं, खायला लागलेलं, टॉवेलात गुंडाळलेलं. पलंगावर माझ्या मांडीवर ठेवलंत आणि नजर चुकवून म्हणालात, "माझ्या हातून काही घेत नाही. तू बघ." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरात एक न बोलणारी होती ती पुरे नव्हती का?" त्याने माझ्या बोटावरून भाकरीचा चुरा चाटला. वनखात्याला कळवतो असं तुम्ही रोज म्हणायचात. मी उठायला लागले, कारण त्याला दूध लागायचं. अंघोळ करायला लागले, कारण त्याचा वास यायचा. पावसाळ्याच्या तोंडाला मी यवतमाळच्या एका वर्तमानपत्राला अर्ज केला. हे सगळं त्या पिलाने केलं असं तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. मीही नाही.

नाईक एकदा दवाखान्यात आले, तेव्हा ते माझ्या खांद्यावर झोपलेलं होतं. त्यांनी ते पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं. "वा डाक्टरसाहेब. आमाले म्हनता कुत्र्यालेबी हात लावू नका, अन् थ्या रांडीचं पोट्टं सोताच्या पोरीच्या गळ्यात?"

"औषध दिलंय त्याला," तुम्ही म्हणालात.

फक्त तेवढंच. कधी दिलं ते तुम्ही म्हणाला नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

ते पिलू कधी केकाटलं नाही, हे तेव्हा मला गोड वाटायचं. आता मला असंही आठवतं की ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नसे, माझ्या पोटाकडे बघे, उजव्या कुशीकडे, तासन् तास. पण ही आठवण गेल्या महिन्यात तयार झाली असावी. इतकी वर्षं बातम्या तपासल्यावर एवढं कळतं. दिवाळीच्या आधी तुम्ही आणि वनरक्षक त्याला जंगलात सोडून आलात, तेव्हा मी नोकरीवर होते.

मी लोहाऱ्याला राहते. कारखान्यांच्या शेडमागे नाल्याच्या काठाने कोल्हे आहेत, कोंबड्यांच्या दुकानांचं टाकाऊ खातात. पूर्वी मी त्यांची हाक ऐकून दिवा लावायला उठायची. आता ऐकते तेव्हा आपोआप हात बरगडीवर जातो. माझ्यात जे आहे त्याचं माझ्याशी काही देणंघेणं नाही. ते नुसतं थांबलं आहे. त्याला पुढे जायला एकच रस्ता आहे आणि माणसाला आपण जाळतो, हे त्याला माहीत नाही. परवा भर दुपारी कुंपणाच्या जाळीपलीकडे एक कोल्हा उभा होता. मी पडदा ओढून घेतला. तुम्हाला कधी कुणी तपासलं नव्हतं, बाबा. तुम्ही गेलात ते हृदयाने. तुमच्याबरोबर आणखी काय जळलं, कोण जाणे.

सर्जन तरुण आहे, वणीकडचा, बोलायला मोकळा. त्याने विचारलं, "मॅडम, घरी कधी कुत्रा होता का?" मी नाही म्हटलं. कुत्रा खरोखर नव्हता. तो म्हणाला, मग पालेभाजी असेल, पाणी असेल, कुठूनही येतं, शोधून काही उपयोग नाही. आणि म्हणाला, तुम्ही पेपरवाल्या, यावर लिहा, लोकांना काही माहीत नसतं.

लिहिलं. सांगितलेल्या वेळेत, सांगितलेल्या शब्दसंख्येत. कापलेल्या जनावराचं काळीज उघड्यावर टाकू नका, कुत्र्यांना घालू नका, जाळा किंवा खोल पुरा. कुत्र्यांना ठरल्या वेळी जंतांचं औषध द्या. भाजी धुवा, हात धुवा. तांड्याची सून आहे त्यात, नावाशिवाय. तुम्ही आहात, एक जुने पशुवैद्य म्हणून, लोकांना वेळेवर सावध करणारे. माझी पिशवीही आहे, शेवटच्या परिच्छेदात, म्हणजे वाचणाऱ्याला पटेल. काल लेख पाठवून दिला, रविवारी येईल.

पिलू त्यात नाही. लेख वाचून कुणी पिलाचा आणि माझ्या पिशवीचा हिशेब मांडू नये म्हणून मी तुमची बदली त्या गावातून त्या उन्हाळ्याच्या आधीच झाली असं लिहिलं आहे.