बोरीची जुनी फांदी

हैदराबाद,
श्रावण शुद्ध ८, शके १८६६

ती. आक्काच्या चरणी अंगदाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तू बाजारात बसलेली असताना चतुरीला उचलून आणलं, याचा राग धरू नकोस. तुझ्यादेखत निघालो असतो तर दोघी रडल्या असत्या आणि गाडी चुकली असती. तिची आई बाळंतपणात गेली तेव्हापासून सात वर्षं तू तिला सांभाळलंस. आता पार्वतीशी माझं दुसरं लग्न झालं, घर मांडलं. लेक बापाजवळ नको का?

तुझ्या बांधावरच्या बोरीवरून टसरच्या अळ्या आणल्या, त्यांचं मात्र बिनसलं. जहागीरदारसाहेबांना बागेत रेशमाचे कोसे बघायची हौस. मी एकेक अळी वेचून अर्जुनाच्या झाडावर सोडली. पाटाचं पाणी, शेणखत, तळहाताएवढी पानं. तरी तोंड लावत नाहीत. काय चुकलं ते कळव.

पार्वतीचा नमस्कार. रागातही माया असू द्यावी.

तुझा,
अंगद

ताडकळस,
श्रावण वद्य २

चि. अंगदास आक्काचे अनेक आशीर्वाद. मी सांगते, दिनकरराव मास्तर लिहितात.

राग धरलाय. बाजारातून चतुरीसाठी गुळाची गुडीशेव आणली होती, ती डब्यात तशीच आहे. भाकरी अजून दोघींच्या थापल्या जातात. बोलायला आता शेळी तेवढी उरली.

बागेचा दारोगा झालास, पण अळीला चिमटीनं ओढू नये एवढं कळलं नाही. ती पायांनी फांदी घट्ट धरते; ओढली की भेदरते. त्यात पहिला घास बोरीचा घेतलेली अळी थोराड झाल्यावर दुसऱ्या झाडाचं खात नाही, उपाशी मरते. बोरच शोध. खतपाण्यानं फुगलेली नको, त्या पानानं अळ्यांना हगवण लागते. एकदा फस्त झालेलीही नको. झाड सावध होतं, नवं पान चिवट नि तुरट काढतं. मी पान चावून बघते. जीभ आखडली की ते झाड सोडते. बारक्या अळीला शेंडा, मोठीला मधलं पान.

झाड बदलायचंच तर जुनी फांदी अळ्यांसकट कापून नव्या बोरीला बांधायची. काही दिवस त्या तिच्यावरच खातात. ती सुकायला लागली की आपणहून पलीकडं जातात.

चतुरीबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. ती काय खाते?

बहिणीची आठवण ठेव.

आक्का

हैदराबाद,
श्रावण वद्य ९

ती. आक्कास सा. न. वि. वि.

उरलेल्या अळ्या बागेमागच्या बोरीवर सोडल्या. थोड्या खायला लागल्या, बाकीच्या गेल्या.

आता खरं लिहितो. चतुरी जेवत नाही. पार्वती मनाची चांगली आहे. तूपभात, शिरा, सगळं करून झालं. पोर ताटाकडं बघते, तोंड फिरवते आणि मला आत्यापाशी जेवायचंय, एवढंच म्हणते. पार्वती चुलीपाशी बसून रडते. हकीम म्हणाला, दुखणं काही नाही. चेहरा एवढासा झालाय. आक्का, मला भीती वाटते. तू म्हणशील तर तिला कायमची तुझ्याकडं आणून सोडतो.

धाकट्याला पदरात घे.

अंगद

ताडकळस,
पोळा

चि. अंगदास अनेक आशीर्वाद.

ती परत येणार हे ऐकून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. लगेच अंगण सारवलं. सारवता सारवता हात थांबला. दोनदा उपटलेलं पोर कुठंच लागायचं नाही, आणि मी तिला जन्माची थोडीच पुरणार आहे?

तिला आणू नकोस. मीच येते. आधी माझ्या हातची भाकरी, तुमच्या घरात. मग पार्वतीनं थापायची, मी वाढायची. मग पार्वतीनं वाढायचं, मी शेजारी नुसती बसायची. मग मी ओसरीत. एक दिवस आत्या कुठाय हे न विचारता ती जेवेल. तेव्हा मला स्टेशनवर पोचव.

यंदा बोरीवर कोसे बरे धरलेत. राखायला कोणी नाही, पाखरं खातील. खाऊ देत. गुडीशेव सादळली, नवी आणते.

निघताना मी तिला सांगूनच निघेन. ती रडली नाही तर बरंच. मी रडले, तरी गाडी चुकू देऊ नकोस.

पोरीवर आहे त्यातला थोडा लोभ माझ्यावरही राहू दे.

तुझी,
आक्का