आहुप्याची लिंक हिरवी आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आहुपे, शिनोली आणि घोडेगावच्या माझ्या दोनशे बारा ग्राहकांनो! तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. नेट जातं आणि तीन मिनिटं कुणाला त्याचा पत्ताच नसतो!

(सुरुवात चांगली. परवा आहुप्याच्या ग्रामसभेत हीच.)

मुद्दा असा. आहुप्याच्या टॉवरला दोन वाटा. मुख्य वाट आमची, शिनोलीच्या टेकडीवरच्या डिशवरून. दुसरी जुन्नरकडून, रामदासच्या कंपनीची, अडीअडचणीला. दोन्हीकडचे राऊटर एकमेकांशी बीजीपी नावाच्या भाषेत बोलतात. दर साठ सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप, तो कीपअलाइव्ह. एकशे ऐंशी सेकंद निरोप आला नाही की समोरचा मेला असं धरायचं, तो होल्ड टायमर. मग सगळं रामदासच्या वाटेनं वळतं.

एकशे ऐंशी सेकंद! एवढ्या वेळात सत्ता उलटल्या आहेत. (कुठे, ते सभेआधी शोधायचं.)

संकल्प: कीपअलाइव्ह १, होल्ड ३. नियमात याच्या खाली फक्त शून्य बसतं.

गोकुळ, माझा टेक्निशियन, वीस वर्षं केबलच्या खांबावर चढलेला माणूस, म्हणाला, "भाऊ, डोंगरावरचा रेडिओ हाय. वारं आलं की दोन-चार सेकंद गप बसतोच. लगेच तिरडी बांधायची का?" मी म्हणालो, शिस्त लागेल. तो म्हणाला, "वाऱ्याला?"

५ मार्च, बुधवार.
ग्रामसभा. एक तास दहा मिनिटं बोललो. शेवटी टाळ्या. (गोकुळच्या मते, संपलं म्हणून.)

नूतन भेटली. आहुप्यात गुरं राखणाऱ्या झुंबरबाईंची नात, नर्सिंग पास. २१ तारखेला सकाळी अकराला पुण्याच्या एका हॉस्पिटलची ऑनलाइन मुलाखत. पोरगी आदल्या दिवशी घोडेगावला उतरून तिथून देणार होती. मी भरसभेत म्हणालो, का उतरायचं? किती पिढ्या उतरायचं? मुलाखत आहुप्यातून होईल, घरातून होईल, आणि त्या दिवशी नेट एक सेकंद जाणार नाही!

नूतन म्हणाली, "नक्की ना भाऊ? दुसऱ्यांदा बोलवत नाहीत ते." मी छातीवर हात ठेवला.

८ मार्च, शनिवार.
लिंक दिवसभरात एक्केचाळीस वेळा पडली. म्हणजे एक्केचाळीस वेळा उठली. ही जिद्द कुणी पाहत नाही.

रामदासचा जुन्नरहून फोन. "भरत, तुझा राऊटर सकाळपासून मेलो-जगलो, मेलो-जगलो करतोय. माझं मशिन येडं झालं राव. तासभर तुझं ऐकणंच बंद केलंय मी." त्याला शेजारधर्मावर वीस मिनिटं सुनावलं. मध्येच फोन कटला. रेंज असेल.

९ मार्च, रविवार.
झुंबरबाईंचा फोन. रोज सकाळी आठला त्या गुरं घेऊन कड्यावर येतात, तिथंच मोबाईलला रेंज. फोन करून एवढंच सांगतात, "भाऊ, नेट हाय बरं का." किंवा, "आज न्हाई." वर्षभर हेच. आज म्हणाल्या, "हाय. न्हाई. हाय. आता काय सांगू?"

अपमान वाटला.

१२ मार्च, बुधवार.
उपाय सापडला! मॅन्युअल वाचता वाचता उभा राहिलो. होल्ड टायमर शून्य केला तर 'मी आहे' सांगावंच लागत नाही, आणि समोरच्याला कधीच मेलेलं धरलं जात नाही. दोन बाजूंपैकी लहान आकडा चालतो, म्हणजे रामदासची परवानगीसुद्धा नको.

दोन्ही वाटांना शून्य टाकलं. स्क्रीन हिरवी.

गोकुळ म्हणाला, "आन् खरंच मेलं तर? जुन्नरकडं वळायचं कसं?" मी म्हणालो, आपण मरणाची तरतूदच रद्द केली आहे. त्याने मला कोपरापासून हात जोडले. भारावला असावा.

१४ मार्च, शुक्रवार.
दोन दिवस पूर्ण हिरवं. झुंबरबाईंना सांगितलं, आता रोज फोन करायचा नाही. स्क्रीनवर सगळं दिसतं.

त्या म्हणाल्या, "मंग नेट गेलं तर सांगायचं न्हाई का?"
म्हणालो, जाणारच नाही.
"बरं. तुमी शिकलेली मानसं."

सकाळचे आठ आता मोकळे. वाचन वाढवायचं.

१९ मार्च, बुधवार.
हिरवं. आहुप्याच्या वापराचा ग्राफ दुपारपासून सरळ रेषेत आहे, अगदी तळाशी. इतकी स्थिरता मी आयुष्यात पाहिली नव्हती.

गोकुळ म्हणाला, शिनोलीच्या टेकडीचा मालक सावळेराम सांगत होता, माकडं डिशला लोंबकळत होती. "जाऊन येतो भाऊ." त्याला स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, "स्क्रीन घोडेगावात हाय, माकडं शिनोलीत." नको म्हणालो. हिरव्या लिंकवर संशय घेणं हा आपल्या लोकांचा जुना रोग आहे. शुक्रवारच्या भाषणात घालायचं.

२० मार्च, गुरुवार.
आहुप्याहून एक तक्रार नाही. रामदासची वाटही रिकामी. उद्या नूतनचा दिवस, आणि माझा.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.
निरगुडसरच्या शाळेत व्याख्यान. विषय, विश्वासार्हता. निघण्यापूर्वी स्क्रीन पाहिली. हिरवी.

दुपारी ३.
नीट लिहितो.

आहुप्यात बुधवार दुपारपासून नेट नव्हतं. माकडांनी डिश फिरवली, ती डिंभे धरणाकडे तोंड करून उभी होती. राऊटरला समोरचा मेलेला धरायची बंदी, म्हणून तो सगळं त्या धरणात ओतत राहिला. रामदासची वाट दोन दिवस शेजारी चालू होती.

माझ्या शब्दावर विसंबून सव्वादहापर्यंत नूतन घरी थांबली. मग लॅपटॉप घेऊन कड्यावर पळाली. तिथं बोलण्यापुरती रेंज, व्हिडिओ येईना. हॉस्पिटलवाले दहा मिनिटं थांबले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

झुंबरबाईंना फोन केला, त्या अजून कड्यावरच होत्या. मला आधी का नाही सांगितलंत, असं ओरडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमीच म्हनलं व्हतं, करू नका." मग म्हणाल्या, "पोरगी जेवली न्हाई अजून." आणि फोन ठेवला.

२२ मार्च, शनिवार.
गोकुळ पहाटेच टेकडीवर जाऊन डिश सरळ करून आला. मला न विचारता साठ आणि एकशे ऐंशी टाकले.

नूतनने हॉस्पिटलला मेल केला होता. उत्तर आलं: चूक नेट देणाऱ्याची होती असं त्याने लेखी दिलं, तर सोमवारी अकराला पुन्हा घेऊ.

पत्राचा पहिला मसुदा चार पानं. तारायंत्राच्या इतिहासापासून. दुसऱ्यात वारा, माकडं आणि वनखात्याचं धोरण. गोकुळने दोन्ही वाचले. "भाऊ, ह्यात तुमी कुठं हायेत?"

२३ मार्च, रविवार.
आठवा मसुदा गेला. एक ओळ. 'चूक माझी आहे.' खाली सही. इतकं लहान मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

नूतनने पावती म्हणून फक्त 'मिळालं' पाठवलं. उद्याची मुलाखत ती जुन्नरला, रामदासच्या ऑफिसातून देणार आहे. आजच गेली. तिला सांगायचं होतं की लिंक आता ठीक आहे. हिरवी आहे, असं टाइप केलं. खोडलं.

गोकुळला म्हणालो, झुंबरबाईंना सांग, फोन सुरू करा म्हणावं. तो म्हणाला, "बंद तुमी केला. तुमी जा."

जाणार आहे. आठवड्याभरात.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ८.
स्क्रीन हिरवी. तिच्याकडे पाठ करून बसलो आहे. मोबाईल समोर.

८ वाजून ३ मिनिटं. एकशे ऐंशी सेकंद झाले.

८.२०. गुरं आतापर्यंत कड्यावर पोचली असतील. आज एसटी पकडून जावंच का? पण मी निघालो आणि वाटेत रेंज गेली, आणि नेमका तेव्हाच फोन आला तर?

८.४५. झुंबरबाई, मी तुम्हाला मेलेलं धरत नाही, तुम्हीही मला धरू नका. भाषण करत नाही. एकच मागणं. कड्यावर या आणि मला फोन करा. हाय म्हणा, न्हाई म्हणा. फोन करा.