न भिणाऱ्या उंदरांची खोली

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४
आले एकदाची! खानापूरहून सकाळच्या गाडीनं बेळगाव, तिथून रिक्षानं पिरनवाडीच्या पुढं. चार कॉलेजांनी मिळून हे उंदीर-चाचणी केंद्र उभारलंय. खोल्या, कॅमेरे सगळ्यांचे सामायिक; पाळीनं वेळ मिळते. माझ्या ताब्यात बारा पांढरे उंदीर. त्यांच्या जनुकांत असा बदल केलाय की त्यांना भीतीच वाटत नाही. मांजराच्या वासाचं फडकं शेजारी ठेवलं तरी खुशाल मिशा पुसत बसतात. साधा उंदीर भ्याला की जागीच थिजतो, आणि किती सेकंद थिजला ते कॅमेरा मोजतो. माझ्या उंदरांचा आकडा शून्य यायला हवा. एकेक उंदीर दहा मिनिटं टबात सोडायचा आणि मी पडद्याआड स्क्रीनसमोर गप्प बसायचं. तेवढ्यात ही वही लिहीन. उंदरांची देखभाल करणाऱ्या नागोजी आण्णांनी चहा पाजला. म्हणाले, हितं लई गार हाय पोरी, स्वेटर आणत जा.

बुधवार, ६
काल सगळे शून्य. आज पाचवा उंदीर टबाच्या मधोमध थिजला. चारशे सेकंद! मग सहावा, सातवा. फडकं तर अजून डबीतच होतं. कॉलेजात माझं काम बघणाऱ्या सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, केसांना काय लावलंस? खोबरेल, दुसरं काय लावणार!

शुक्रवार, ८
तेल बंद. साबण बंद. चपला बाहेर, मोबाईल बाहेर. तरी तेच. पाळ्या लावणाऱ्या मंजुश्रीला म्हटलं, तुमच्या खोलीतच खोट आहे. ती फणकारली. म्हणाली, ह्याच खोलीत सकाळी दुसऱ्यांचं काम नीट होतंय की, तुझ्याच हाताला काय झालंय ते बघ. दुसरी खोली मागितली तर मंगळवारशिवाय नाही म्हणे. हात जोडले, तरी नाही.

मंगळवार, १२
खोली बदलली. बाराच्या बारा थिजले. आता चित्रण पाहत बसलेय. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पडद्याकडं. म्हणजे माझ्याकडं.

गुरुवार, १४
सर चिडलेत. उंदीरच बदलले असणार, पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या तपास, म्हणाले. तीनदा तपासल्या. उंदीर तेच. कुणी ऐकूनच घेत नाही!
वैतागून पडदा काढला आणि जमिनीवर बसले. त्यांची नजर खाली आली. स्टुलावर उभी राहिले. नजर वर गेली. पण माझ्या तोंडाकडं नाही. डोक्याच्या वीतभर वर —

सोमवार, १८
आज आण्णांना आत बसवलं, मी काचेबाहेर. उंदीर मजेत फिरले. मी आत पाऊल टाकलं, थिजले. आण्णा माझ्याकडं न बघताच उठले. जाताना म्हणाले, रजा काढ बाय. पर घरला जाऊ नगंस. का, विचारलं. घरात माणसं हायत न्हवं, म्हणाले. दार ओढून घेतलं.

मंगळवार, १९
सरांनी उद्याची शेवटची पाळी दिलीय. नाही जमलं तर दुसरी कोणीतरी येईल. येऊ दे. मान दुखतेय. दिवसभर काहीतरी डोक्यावर घेऊन चालल्यासारखी.

बुधवार, २०
११.२०. पहिला, शून्य. दुसरा, शून्य. तिसराही!
१२.५०. अकरा झाले. सगळे शून्य. रडूच आलं. सरांना —
बारावा सोडलाय. पळतोय, मिशा पुसतोय. मान हलकी झालीय. म्हणजे ते उतरलं.
उतरून गेलं कुठं —

मंजुश्री काचेबाहेर. आत येत नाही. हातानं खुणावतेय, बाहेर ये, बाहेर —

उठायचंय. पाय उचलत नाहीत. मानही वळेना. फक्त बोटं

मांडीवर वजन. उंदरांकडं पाठ, तोंड माझ्याकडं

उंदीर पळतोय. तरी स्क्रीनवर थिजल्याचे सेकंद चालू झालेत — सात — आठ — हा आकडा कुणाचा — नऊ — ते आता तोंडाशी