इसोबे-सानचे लाल दाणे

प्रिय चिहारू,

दर नववर्षाला तुझं कार्ड येतं, फक्त माझ्या नावाने, आणि त्यावर थंडीवाऱ्याखेरीज काही नसतं. मीही तसंच उत्तर पाठवते. त्यामुळे हे जाड पाकीट बघून तू आधी बाबांचंच काहीतरी समजशील. बाबा बरे आहेत. आधी एवढं वाच, मग चहा करून घे आणि पुढचं वाच. मला एका माणसाचा संशय येतोय, आणि तो कुणाला सांगावा हे ठरवण्यातच हिवाळा सरला.

सुरुवात बाबांच्या वाचनापासून झाली. छापखाना विकल्यावर त्यांनी वाचणंच सोडलं होतं, हे तुला कुठून कळणार! डोळ्यांचं निमित्त सांगायचे, पण दुसऱ्याने छापलेलं पान त्यांना हातात धरवत नसावं. गेल्या शरदात मी माझा जुना टॅब्लेट त्यांना हवामान बघायला दिला. थोड्याच दिवसांत बघते तर काय, शिजिमीचं सूप पुढ्यात गार होतंय, शिंपल्यांची तोंडं उघडी, आणि बाबा टॅब्लेटवर मोठ्ठाली अक्षरं करून गोष्ट वाचतायत. मी विचारलं, "कुठून घेतलंत पुस्तक?" म्हणाले, "मिळालं." "कितीला?" "फुकट."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात शेवटचा कधी उच्चारला गेला, ते तुला आठवत असणारच. तू मैत्रिणींबरोबर नवी कॉमिक्स पानंच्या पानं स्कॅन करून त्या चोरट्या वेबसाइटवर चढवत होतीस. बाबांना कळलं तेव्हा तू म्हणालीस, "सगळेच फुकट वाचतात, बाबा." आणि ते म्हणाले, "मग सगळ्यांकडेच जेवायला जा." तू खरंच गेलीस. आई मध्ये उभी होती, तिच्या हातात तुझा भाताचा वाडगा होता. आता तेच बाबा त्याच टेबलाशी बसून म्हणत होते, फुकट. मला वाटलं, यांना कुणीतरी गंडवतंय, नाहीतर म्हातारपणी हे स्वतःच स्वतःला गंडवतायत.

मी तडक गावातल्या ग्रंथालयात गेले. काउंटरवरच्या कादोवाकी बाईंना मी अगदी खालच्या आवाजात विचारलं, जसं काही बाबांनी दुकानातून मुळा उचलला होता. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, लेखकाला जाऊन पुरेशी वर्षं झाली की त्याचं लिखाण सगळ्यांचं होतं. आधी पन्नास वर्षं पुरत, मग कायद्याने सत्तर केली. अशी पुस्तकं हौशी माणसं घरी बसून टाइप करतात, दुसरी हौशी माणसं ती तपासतात, आणि मग ती कुणीही वाचावीत. शिवाय आमच्याकडूनही फोनवर पुस्तकं नेता येतात, मुदत संपली की आपली आपण परत येतात. आजच्या लेखकांची हवी असतील तर महिन्यातून एखाद दिवस वाडगाभर सोबा शेवयांच्या भावात मिळतात, तेवढी नजर ठेवायची. मी विचारलं, "आणि हे टाइप करणारे खातात काय?" "आपापल्या घरचं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली, पण मला पटलं नाही. बदल्यात काहीच न मागणारा माणूस मला अजून भेटायचा होता.

मग बाबा स्वतःच टाइप करायला लागले. आजोबांनी छापलेलं ते सरोवरातल्या शिंपलेवाल्यांच्या गोष्टींचं पुस्तक आहे ना, राखाडी पुठ्ठ्याचं? त्याच्या लेखिकेला जाऊन सत्तरच्या वर वर्षं झाली, आणि आता ते बहुधा आपल्याच घरात उरलंय. ज्या बोटांनी छपाईचे खिळे डोळे मिटून उचलले, त्यातलं एकच बोट आता कीबोर्डवर कोंबडीसारखं टिपत असतं. मूळ पुस्तकाची छायाचित्रं त्यांनी त्या हौशी मंडळींकडे आधीच पाठवली होती. एक प्रकरण टाइप झालं की ते पाठवायचं, आणि तिकडून इसोबे नावाचं कुणीतरी त्यातल्या चुका काढून पाठवणार. इसोबे-सान पुरुष की बाई, म्हातारा की तरुण, बाबांना माहीत नव्हतं. पण त्यांचं उत्तर यायच्या दिवशी बाबा दाढी करून बसायचे. दाढी, चिहारू! टपाल टॅब्लेटवर यायचं, आणि हे दाढी करायचे.

शेजारच्या आदाची काकूंना मी बोलले आणि पस्तावले. "आधी पुस्तक देतील, मग तब्येत विचारतील, मग बँक विचारतील," काकू म्हणाल्या. "माझ्या नणंदेला असाच एक पुतण्या फोनवर रडला होता. तिला पुतण्याच नाही!" त्यांनी मला हाताला धरून चौकीवर नेलं. तिथे भिंतीवर म्हाताऱ्यांना सावध करणारं ते पोस्टर आहेच. तरुण हवालदाराने विचारलं, "त्या माणसाने पैसे मागितले?" नाही. "भेटायला बोलावलं?" नाही. "पत्ता, जन्मतारीख?" नाही. "मग तो करतो तरी काय?" मी म्हटलं, "चुका काढतो." त्याने पेन खाली ठेवलं. "आमची सासूही तेच करते हो," तो म्हणाला, "तक्रार घेत नाहीत." काकू वाटभर हसत होत्या. मला हसू आलं नाही.

कारण त्याच सुमाराला मला दुसरीच भीती लागली. बाबांच्या पानांत चुका फार व्हायला लागल्या होत्या. आयुष्यभर ज्यांनी जुळवलेली पानं तपासताना आईला जेमतेम काही सापडायचं, ते बाबा ओळ गाळायला लागले, आजीच्या जागी नात लिहायला लागले. मला वाटलं, डोकं दगा द्यायला लागलं. औषधांच्या दुकानात काम करते मी, अशी माणसं रोज बघते. घरातली माणसं आधी हसण्यावारी नेतात, मग एक दिवस माझ्यासमोर रडतात. मी बाबांवर पाळत ठेवायला लागले. गॅस बंद केला का, चपला जागेवर आहेत का. आणि एका दुपारी, कपडे वाळत घालता घालता खिडकीतून मी त्यांच्या टॅब्लेटचा पडदा पाहिला. पान पूर्ण झालं होतं. त्यांनी ते मुळाशी ताडून बघितलं, बोट ओळीओळीवरून फिरवत, एकही चूक नव्हती. मग ते पुन्हा वर गेले आणि धडधडीत बरोबर असलेली वाक्यं एकेक करून बिघडवायला लागले.

मी ओला शर्ट हातात घेऊनच आत गेले. "बाबा, हे काय चाललंय?" "काम." "चांगलं होतं ते नासवताय तुम्ही!" त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "सगळंच बरोबर पाठवलं तर समोरच्याला करायला काय उरेल?" आणि मला म्हणाले, "शर्ट पिळ, जमिनीवर पाणी पडतंय."

त्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर मी इसोबे-सानचं टपाल उघडलं. दुसऱ्याचं टपाल वाचू नये हे मला कळतं, पण संशयाने माणूस खालच्या थराला जातो. मला वाटलं होतं गोडगोड बोलणं असेल, आजाराच्या चौकश्या असतील. शब्द जवळजवळ नव्हतेच. फक्त छायाचित्रं होती. बाबांचं पान कागदावर छापून टेबलावर ठेवलेलं, आणि जिथे जिथे चूक, तिथे तिथे अझुकी चवळीचा एकेक लाल दाणा.

मी एकेक छायाचित्र मोठं करून दाणे मोजले.

आई लाल शाईला हात लावायची नाही, आठवतं? कागद बाबांचा, तो त्यांनी बघितल्याशिवाय घाण करायचा नाही म्हणायची. एप्रनच्या खिशातून दाणे काढायची आणि चुकीवर ठेवायची. बाबा एकेक चूक दुरुस्त करायचे, एकेक दाणा आपण दोघी बरणीत टाकायचो, तू पटकन, मी मोजूनमापून. आणि क्वचित पान फार खराब असलं की आई म्हणायची, "आज एवढ्या चुका आहेत की या दाण्यांचा लाल भात शिजेल." जगात इतर कुणी असं तपासत असेल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही. पहिली छायाचित्रं आली त्या दिवशी टॅब्लेट आईच्या तसबिरीपुढे उदबत्तीशेजारी ठेवलेला होता. मला वाटलं होतं, तिथे चार्जिंगची वायर पोचत असेल.

म्हणजे बाबांना पहिल्यापासून ठाऊक आहे, इसोबे-सान. आजोबांचं पुस्तक तिथे दिसलं आणि तूच इसोबे नाव लावून ते तपासायला घेतलंस ना? आणि तुला काय वाटतं, त्यांना कळलं नसेल? की तू दाणे मुद्दाम ठेवलेस? इतक्या वर्षांत मला तुझ्या खोड्या कळायला हव्या होत्या. तू शब्द लिहीत नाहीस, ते विचारत नाहीत, आणि दोघं मिळून एका मेलेल्या लेखिकेच्या गोष्टी मुंगीच्या पावलाने पुढे ढकलताय. पण पुस्तक संपत आलंय गं. शेवटचं पान उरलंय आणि बाबा ते पाठवत नाहीयेत. म्हणतात, मुळातलं पान पुसट झालंय, फोटोत कळत नाही, तपासणाऱ्याने इथे येऊनच ताडून बघायला हवं. मी ते पान उजेडात धरून पाहिलं. अक्षर न् अक्षर लख्ख आहे. त्यांनी केलेलं टाइपही पाहिलं, त्यात एकही चूक ठेवलेली नाही. मला म्हणाले, "तू कळव त्यांना, मला टपालात असलं लिहिता येत नाही." म्हणून हे पत्र. आणि काल बाजारातून येताना ते अझुकीची भलीमोठी पिशवी घेऊन आले. तू गेल्यापासून या घरात सणासुदीचा लाल भात शिजलेला नाही. मी विचारलं, एका पानाला एवढे दाणे? तर म्हणाले, "इसोबे-सान कडक आहेत, लागतील." तुझा वाडगा मी फळीवरून खाली काढून धुवून ठेवलाय.

तुझीच,
संशयी ताई
तोमोए