भाता बाणांचा, लोहाराचा नव्हे

मी, दीनानाथ केशव लोहार, मूळ गाव पलूस, जिल्हा सांगली, हल्ली राहणार साउथहॅम्प्टन, वय चौऱ्याहत्तर, गोदीतला निवृत्त फिटर, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. खात्रीसाठी डॉक्टरीणबाईंना विचारले, "माझी स्मरणशक्ती शाबूत आहे ना?" त्या म्हणाल्या, "मिस्टर लोहार, मागच्या महिन्यात तुम्ही हेच विचारलं होतं. ते तुम्हाला आठवतंय का?" मी म्हणालो, आठवतंय. "मग आहे शाबूत." कोणी मला धाक घातलेला नाही. धाक माझ्यात जन्मापासून आहे, तो बाहेरून घालावा लागत नाही.

कलम १. २००६ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यातल्या एका शब्दामुळे माझा धाकटा भाऊ शशी माझ्याशी बोलेनासा झाला. दिवाळीचा फोन नाही, दुसऱ्या दिवाळीचाही नाही. असेच अबोल्यात माझे बरेवाईट झाले तर, या भीतीने मी आजारी नसताना आजारी पडलो. आता ते मिटले आहे. पण मी गेल्यावर जुना कागद कोणाच्या हाती लागून तोच शब्द पुन्हा आडवा येऊ नये, म्हणून हे दुसरे करतो.

कलम २. राहते घर माझी पत्नी अरुणा हिला, आणि तिच्यामागे मुलगा अजय यास. अजय बेसिंगस्टोकला असतो, त्याला वेळ नसतो, तरी वर्षातून एकदा पन्हाळी साफ करून घ्यावीत. मागच्या दाराची कडी बदलू नये. ती लावताना जरा उचलावी लागते, एवढेच. बँकेत जे आहे ते अरुणाचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम ३. माझा क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेले आडवे धनुष्य. निवृत्तीनंतर मी घरभर स्क्रू पिळत फिरू लागलो, तेव्हा शेजारी डेरेक पिम मला त्याच्या क्लबात घेऊन गेला. तिथे गवताच्या ढिगाऱ्यावर कागद लावून नेम मारतात. मला ते आवडले. लोखंडाच्या माणसाला लोखंड तालात चाललेले आवडते. मग मी स्वतःचा क्रॉसबो मागवला, तर खोक्यावर हरणाचे चित्र आणि वर "हंटिंग" अशी मोठी अक्षरे. या देशात क्रॉसबोने कुठलेही जनावर मारायला बंदी आहे. मी पोलिसांना फोन केला.

बाई म्हणाल्या, "तुम्ही काही मारणार आहात का, सर?"

"कागद."

"मग मारा की कागद, सर."

तरी मी हरणावर तपकिरी कागद चिकटवला आणि मगच खोके माळ्यावर ठेवले.

कलम ४. क्विव्हर, म्हणजे धनुष्याला लावून त्यात बाण अडकवून ठेवायची चौकट. शशीने नीट वाचावे म्हणून हे सविस्तर लिहितो. क्रॉसबोबरोबर बाण ठेवायची सोय आली नव्हती. मी ते दाराजवळच्या छत्र्यांच्या कुंडीत ठेवत असे. अरुणा म्हणाली, "अहो, पाहुण्यानं छत्री समजून हात घातला म्हणजे?" त्या वाक्याने माझी झोप गेली. क्विव्हर घ्यायचे ठरले. पण ते धनुष्याला बसवायचे कुठे, हा खरा घोर. कुशीला बसवावे तर एका अंगाला वजन पडून नेम कलतो. खाली बसवावे तर वाळूच्या पिशवीवर धनुष्य टेकत नाही, आणि टेकल्याशिवाय माझा हात आता स्थिर राहत नाही. कमरेला लावावे तर बसताना टोके कुठे जातील सांगता येत नाही. त्यात माझी नात कस्तुरी, अजयची मुलगी, डावखुरी. ती शनिवारी माझ्याबरोबर क्लबात येते. मला सोयीची कूस ती तिच्या अडचणीची.

दुकानातून एक मागवून कुशीला लावून पाहिले. कस्तुरी म्हणाली, "आजोबा, तुमची क्विव्हर माझा कोपरला लागतो."

"कोपराला लागतं. ते क्विव्हर."

"ओके. ते लागतो."

ते परत पाठवले. दुसरे मागवले, तेही परत पाठवले. फोनवरची दुकानदारीण मला आवाजावरून ओळखू लागली. शेवटी तीच म्हणाली, "माय लव्ह, नेम मारताना ते काढून ठेवलं तर?" तिसऱ्याची पट्टी खटका दाबला की सुटते. ती डाव्या कुशीला लागते, उजव्याही लागते, आणि क्विव्हर काढून खुंटीला अडकवता येते. वजनाचा, वाळूचा, कोपराचा, सगळा प्रश्न सुटला. इतक्या रात्री मी उगाच छताकडे बघत घालवल्या. पट्टीची भोके मात्र आमच्या दस्त्याशी जुळेनात. मग मी अ‍ॅल्युमिनियमची चकती कापून, कानशीने घासून मध्ये बसवली. ती काढू नये. क्विव्हरच्या टोपीत जाड फोम आहे, बाणांची टोके त्यात पूर्ण बुडतात. रबराच्या चिमट्यांची पकड घट्ट आहे, बाण ओढताना कस्तुरी कुरकुरते. कुरकुरू दे.

बाकीचे साहित्य असे: धनुष्याची दोरी मागे ओढायचा दोर, त्याला दोन आकडे व दोन मुठी आहेत, त्याने जोर निम्मा लागतो, माझ्या मनगटांसाठी घेतला. दोरीला लावायचे मेण. मोतीबिंदूनंतर घेतलेली, नेम धरायची साधी दुर्बीण. कुलपाची पेटी. शिकारीची रुंद पात्यांची टोके दुकानाने भेट म्हणून पाठवली होती, ती मी रजिस्टर पोस्टाने परत केली व पावती जपली आहे.

हे सर्व कस्तुरीस. आता कायद्याने अठरा लागतात, ती सोळा वर्षांची आहे. तोवर पेटी अरुणाच्या ताब्यात राहील. किल्ली मसाल्याच्या डब्यात ठेवू नये, तिथे सगळे हात घालतात. कस्तुरी, बाण चढवल्याशिवाय दोरी कधीही सोडू नकोस. रिकामी सोडली तर धनुष्य फुटते आणि तोंडावर येते. हे तुला शंभरदा सांगितले आहे, आता कायद्याने सांगतो.

कलम ५. शब्दाची हकीकत. पहिले मृत्युपत्र लिहिताना इथल्या मराठी मंडळातल्या अर्चनाताईंनी सल्ला दिला, "दीनानाथराव, असा कागद शुद्ध मराठीत हवा. इंग्रजी शब्द बरे दिसत नाहीत." मी पडलो सातवीपर्यंत शिकलेला. शब्दकोश काढला. क्रॉसबोचे धनुष्य केले, ते पहिल्या पानावर गेले. क्विव्हरला शब्द सापडला भाता. तो दुसऱ्या पानावर, हत्यारांच्या कलमात पडला. मी लिहिले, "माझा भाता, जो मी पुष्कळ विचार करून ठेवला आहे, तो कस्तुरीस द्यावा. त्यावर इतर कोणीही हक्क सांगू नये." आणि काळजीपोटी त्या मृत्युपत्राच्या प्रती काढून सर्व नातेवाइकांना धाडल्या.

आता, लोहाराच्या घरात भाता म्हणजे काय? भट्टीला वारा घालायचा चामड्याचा भाता. आमच्या वडिलांचा भाता पलूसला शशीच्या भट्टीत आहे. हल्ली विजेचा पंखा लावला आहे, तरी खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत पहिले कुंकू भात्याला लागते. शशीने जन्मभर ती भट्टी चालवली. आणि मी, जो परदेशी निघून आलो, तो लिहितो "माझा भाता", वर "कोणीही हक्क सांगू नये". लोहाराच्या पोराने भाता लिहावा आणि त्याला दुसरा अर्थ सुचावा, ही चूक दुसऱ्या कुणाला जमली नसती.

शशी भांडला नाही, गप्प झाला. तेच वाईट. मी फोन केला की त्याची बायको यमुना म्हणायची, "शेतात गेल्यात." लोहाराला शेत कुठले? या संक्रांतीला अरुणाने तिला सांगितले, "यमुना, फोन त्यांच्या कानाला लाव आणि धरून बस." मग शशी एकदम फुटला.

"भाता पायजे ना तुला, दादा? ये आन् घिऊन जा! चामडं उंदरांनी खाल्लंय, लाकूड तडकलंय. न्हे नातीला!"

मला काही कळेना. मी म्हणालो, "अरे, भाता तर इथंच आहे माझ्याकडे. पोस्टानं आला."

"पोस्टानं?"

"हो. काळ्या प्लॅस्टिकचा. पहिले दोन मी परत पाठवले."

तिकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज, चपला, यमुनेची हाक, "अवो, कुटं चाललाय?" तो भट्टीत भाता जागेवर आहे का ते बघायला गेला होता. परत आला तेव्हा धापा टाकत होता. "दादा, भाता हितंच हाय की! तुला कुनी काय धाडलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "शशी, अरे बाणांचा भाता! रामाच्या पाठीवर असतो तो!"

मग तो हसू लागला, आणि हसता हसता रडू लागला, आणि मीही. अरुणा म्हणाली, "अहो, परदेशी फोन आहे, रडायचं ते ठेवून रडा."

म्हणून या मृत्युपत्रात मी क्विव्हर लिहिले आहे, अशुद्ध तर अशुद्ध. वडिलांचा भाता शशीचा होता, आहे व राहील. अर्चनाताईंवर राग नाही. पण यापुढे त्यांचा सल्ला घेणार नाही.

कलम ६. माझी हत्यारे, म्हणजे कानशी, व्हर्नियर, हातड्रिल व छिन्न्यांचा संच, ही कच्च्या मसुद्यात मी शशीस लिहिली होती. ती ओळ खोडली आहे, त्याचे कारण लिहितो, नाहीतर पुन्हा कोणाला वाटेल भांडण झाले. शशी मे महिन्यापासून आमच्याकडे आला आहे. त्याने क्लबात येऊन क्विव्हर उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "ह्यात वारा कुटनं जातो?" परवा मी साक्षीदार कोण घ्यावे या विवंचनेत होतो. तो म्हणाला, "मी करतो सही."

सूनबाई शिल्पाने लायब्ररीतल्या पुस्तकात बघितले. ती शशीला म्हणाली, "काका, इथे जो साक्षीदार सही करतो त्याला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. दिलं असलं तरी रद्द होतं."

मी घाबरलो. म्हणालो, "मग तू नको, शशी. डेरेकची बायको करेल. तू हत्यारं घे."

"पोराला चालतंय का?" त्याने शिल्पाला विचारले.

"मुलाला चालतं."

"मग हत्यारं यशोधनला दे, दादा. मला सही दे."

"अरे पण तुला काहीच राहत नाही."

"मागच्या कागदावर माझं नाव न्हवतं, तरी मी दोन वरसं त्यो उरावर घिऊन बसलो. ह्या कागदावर माझं नाव पायजे. खालच्या अंगाला, सहीच्या जागी."

म्हणून हत्यारे शशीचा मुलगा यशोधन यास. कानशी कोरड्या ठेवाव्यात, एकमेकींवर घासू देऊ नयेत.

कलम ७. व्यवस्था अजय पाहील. या कागदाचा इंग्रजी तर्जुमा लागेल, तो जाणकाराकडून करून घ्यावा, व "भाता" हा शब्द आला की त्याला दोनदा विचारावे. माझे दहन इथेच करावे. फार लांबवू नये, लोकांना गाडी लावण्याचा त्रास होतो.

आज सकाळपासून छातीत धडधड नाही. असे क्वचित होते, म्हणून अरुणा मला बरे वाटते ना असे विचारून गेली. बरे वाटते. वर लिहिलेले सर्व मी दोघा साक्षीदारांसमोर सही करून कायम करतो.

साउथहॅम्प्टन, १४ जून २००८

दीनानाथ केशव लोहार

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

१. डेरेक पिम, शेजारी. (याने कागद पाहून विचारले, "तुमची सगळी अक्षरं वाळत घातलीयत का दोरीवर?" सही इंग्रजीत केली.)

२. शशिकांत केशव लोहार, मु. पो. पलूस. ह्यातलं मला काही मिळनार न्हाई हे समजून, माझ्या खुशीनं सही केली.